पोस्टरवरची दिव्या

दिनेशभाऊंनी फ्लेक्सची गुंडाळी टेबलावर आदळली आणि चंचलच्या मॉनिटरवरचं चित्र पुन्हा गेलं. पडदा काळा झाला, मग सगळं परत आलं, पण उन्हात वाळत पडलेल्या कपड्यासारखं फिकट.

"हे काय छापलं बाई तुमी?" त्यांनी गुंडाळी फरशीवर उलगडली. "सांजेला गाडी निघून राह्यली पोस्टर लावाले. आन् हिरोइन पाहा माही! कोणी तिकीट काढन काय हे पाहून?"

'नवरीनं मोडला मांडव' हे त्यांच्या कंपनीचं नवं नाटक. दिवाळी झाली की वडसा गावात नाटकांचा हंगाम उभा राहतो आणि चंचलच्या दुकानातलं छपाईचं यंत्र थंड होत नाही. पोस्टरच्या मधोमध नवरीच्या वेशात दिव्या होती. काळीसावळी, रुंद गालांची. खरी दिव्या दारात उभी होती, ओढणीनं तोंड पुसत.

"मॉनिटर बिघडला, भाऊ," चंचल म्हणाली. "कंपूटरनं मले न इचारता सिस्टिम अपग्रेड करून घेतली. तवापासून सारं फिकटच दिसते. मले वाटलं, चेहरा उजळलेलाच आहे."

"मंग सुधरवा ना! मी चहा पिऊन येतो. नाईतर पुढच्या साऱ्या नाटकाचं काम नागपूरले देतो, समजलं?"

ते पायऱ्या उतरून गेले. दिव्या आत येऊन स्टुलावर बसली.

चंचलनं मॉनिटरची केबल हिसकून काढली, दुसरी लावली. तेच. मॉनिटरच्या खालची बटणं दाबून सगळं मूळपदावर आणलं. तेच. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा उन्हाळ्यातच फुटला होता, त्यामुळे ताडून पाहायला दुसरं काही नव्हतं. तिनं लॅपटॉप बंद करून चालू केला, नव्या सिस्टिमनं टाकलेला ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढला, जुना परत बसवला. चित्र जायचं थांबलं. रंग मात्र तसेच मेलेले.

"गोरी पायजे, गोरी!" ती माउस आपटत म्हणाली. "या माणसाले डोळे नाई काय? तू काय पहिल्यांदा दिसली त्याले?"

"तुमाले काऊन राग येऊन राह्यला, ताई?" दिव्याचा आवाज थंड होता. "फोटो तर माहा खराब झाला."

"खराब? तुह्यासारखाच तर आला."

"तेच तं!"

डिस्प्लेच्या सेटिंगमधली एकेक ओळ चंचल उघडून पाहू लागली. एका ठिकाणी रंगांची चमक बदलणारं, एचडीआर नावाचं बटण चालू होतं. तिनं ते कधीच चालू केलेलं नव्हतं. तिनं ते बंद केलं.

पडदा एकदा लवलवला आणि रंग जागच्या जागी येऊन बसले. शालू लाल झाला, हळद पिवळी झाली, आणि दिव्याचा चेहरा फरशीवरच्या पोस्टरवर होता तसाच दिसू लागला. चंचलनं पडद्याकडे पाहिलं, मग फरशीकडे, मग स्टुलाकडे. तिन्हीकडे एकच रंग.

"छपाई चुकलीच नाई," ती सावकाश म्हणाली. "थांब, येऊ दे त्याले. सांगतेच. मॉनिटर ठीक आहे, रंगबी ठीक आहे. लावाचं तं लाव, नाईतर जा नागपूरले."

दिव्या ताडकन उठली.

"मांगच्या साली नागपूरची पोरगी आणत होते माह्या जागी. औंदा भांडून हा रोल घेतला म्या. स्टेजवर एकडाव उभी राह्यली का मंग मी पाहून घेते त्याइले. पण तिथंपर्यंत लोक पोस्टर पाहूनच येतेत ना?" तिनं बोट पडद्यावर टेकवलं. "तुमाले दिनेशभाऊचा राग आहे ना, तं तुमच्या तोंडावर काढा, ताई. माह्या नाई."

चंचलनं दात आवळले. चेहरा गोरा-नाजूक करायची नेहमीची पट्टी माउसनं धरली आणि उजवीकडे ओढली. गाल उजळले, नाकाची सावली विरली, हनुवटी निमुळती झाली. मॉनिटर आता जे करायला सांगू तेच दाखवत होता. दिव्या मागे उभी राहून पाहत होती.

"अजून थोडं," ती म्हणाली.

दिनेशभाऊ आले तेव्हा नवं पोस्टर यंत्रातून बाहेर पडत होतं. "हां! याले म्हणते हिरोइन," असं म्हणत त्यांनी ते ओलसर असतानाच हातावर घेतलं आणि गाडी गाठली.

दिव्या निघाली नाही. फरशीवरच्या पोस्टरकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "हे मी नेऊ काय? घरी धान झाकाले होईन."

"ने."

वाया गेलेलं फ्लेक्स न्यायला पुष्कळ लोक येत. घडी घालून काखेत मारत, सायकलला बांधून फरफटत नेत. दिव्या उकिडवी बसली. ओढणीच्या टोकानं तिनं पोस्टरमधल्या चेहऱ्यावरची धूळ टिपली. कोपऱ्यातला जुना पेपर उचलून त्यावर अंथरला आणि पायाकडून, चित्राची बाजू आत राहील अशी, गुंडाळी करायला घेतली.

"धरू लागू काय?" चंचलनं विचारलं.

"नाई." आवाजातला राग अजून तसाच होता.

बाहेर ऑटोवाल्यानं गुंडाळी टपावर टाकायला हात पुढे केला. दिव्यानं ती दिली नाही. आत बसून तिनं ती दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली.