नळीवरचा बर्फ

मंगळवार, चौदा जानेवारी. दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी रोझिल्डा डेगलने मागचं दार उघडलं, तेव्हा तिचा नवरा ओदिलाँ स्वयंपाकघराच्या जमिनीवर पडला होता. खुर्ची कलंडलेली, कॉफीचा कप मात्र टेबलावर सरळ उभा. घर उबदार होतं. या हिवाळ्यात प्रथमच इतकं उबदार.

ती बटाट्याच्या गोदामातल्या कामावरून नेहमीपेक्षा लवकर आली होती, कारण बारा वाजता तो फोनवर म्हणाला होता, "डोकं ठणकतंय गं." तिने वर सुनावलं होतं, "दिवसभर खिडकीत बसून माझ्यावर मुकादमी करतोस, डोकं ठणकेल नाहीतर काय! कॉफी पी." फोन ठेवल्यावर मात्र तिला चैन पडेना.

तिने त्याला हलवलं. तो घोरल्यासारखा श्वास घेत होता. तिने मदतकक्षाला फोन लावला. पलीकडे नॅडीन होती. खोऱ्यातल्या अर्ध्या लोकांना ती आवाजावरून ओळखायची.

"काकू, सावकाश सांगा. काका शुद्धीवर आहेत?"

"नाही. पुन्हा अर्धांगाचा झटका आला असेल गं. सप्टेंबरसारखा. पण तोंड कसं लालबुंद झालंय. तेव्हा पांढरं पडलं होतं."

नॅडीनने लगेच विचारलं, "घर कशावर तापवता?"

"रॉकेलच्या हीटरवर. नवा आहे."

"विषारी वायूचा गजर वाजला?"

रोझिल्डाने भिंतीतल्या प्लगकडे पाहिलं. गजराच्या जागी केस वाळवण्याच्या यंत्राची वायर खोचलेली होती. रविवारी वारा अडवायला खिडक्यांना त्या यंत्राच्या गरम हवेने प्लास्टिक ताणून बसवताना तिने गजर काढून खणात टाकला होता. परत लावायचा राहून गेला होता.

"काकू? हीटर बंद करा आणि त्यांना बाहेर काढा. आत्ता."

"बाहेर शून्याखाली तीस आहे नॅडीन! अंगात नुसता सदरा आहे त्याच्या."

"थंडी थोडा वेळ देईल. आतली हवा देणार नाही. काढा त्यांना."

ओदिलाँ नव्वद किलोचा होता. रोझिल्डाने हीटर बंद केला, पलंगावरची गोधडी ओढली, त्याला तिच्यावर कसंबसं लोटलं आणि कोपरे धरून खेचायला लागली. उंबऱ्यापाशी तिला भोवळ आली. ती गुडघ्यांवर बसली आणि बसल्या बसल्या खेचू लागली. "तुझ्या आईने काय खाऊ घातलं होतं रे तुला," ती पुटपुटत होती, "काय खाऊ घातलं होतं!"

व्हरांड्यात तिने दोन कोट, पायपुसणं, टेबलावरचं कापड, हाताला लागेल ते त्याच्यावर घातलं आणि स्वतः त्याच्या अंगावर आडवी झाली. त्याच्या पापण्यांवर श्वासाची वाफ गोठायला लागली. फोन बाजूला पडलेला. त्यातून नॅडीन श्वास मोजायला सांगत होती. रोझिल्डा मोजत होती. अकरापर्यंत यायचं आणि आकडा चुकायचा.

तिथून तिला घराची कड दिसत होती. भिंतीला लागून कमरेइतका बर्फ, थापून गुळगुळीत केलेला.

ही घराला पाळ घालण्याची रीत खोऱ्यात सगळ्यांची. नोव्हेंबरात भिंतीच्या पायाशी फर झाडाच्या फांद्या रचायच्या, जानेवारीत त्यावर बर्फ चढवायचा, म्हणजे जमिनीखालून वारा शिरत नाही आणि इंधन निम्म्यावर येतं. लाकडाची शेगडी होती तोवर धूर छपरातून जायचा. अर्धांगवायूनंतर ओदिलाँला लाकूड फोडता येईना, म्हणून ऑक्टोबरात सरकारी मदतीतून हा हीटर आला. त्याच्या धुराची नळी भिंतीतून थेट बाहेर, गुडघ्याच्या उंचीवर. बसवणाऱ्याने बजावलं होतं, नळीभोवती मोकळं ठेवा.

तिने ठेवलंही होतं. रविवारी, चर्चमधून आल्यावर, नळीपाशी हातभर जागा सोडून तिने पाळ घातली. ओदिलाँ खिडकीच्या आतून चांगल्या हाताने काच वाजवत होता.

"तिथे भोक का ठेवलंस?"

"नळी आहे."

"मग? वारा तिथूनच शिरणार. माझी आई खिडकीपर्यंत चढवायची. तू घर बांधतेयस की कोंबड्यांचं खुराडं?"

"नळी बुजेल, ओदिलाँ."

"गरम नळी ती. बर्फ वितळवून आपली वाट आपण करून घेईल. शेगडीची नव्हती करत?"

तिला ते पटलं होतं. छपरावरच्या बर्फात शेगडीची नळी खरंच वाट करायची. तिने आणखी तीन फावडी टाकली.

दोन वाजून पंचेचाळीस मिनिटांनी अ‍ॅम्ब्युलन्स आली, मागोमाग अग्निशामक दलाची गाडी. दोघा स्वयंसेवकांनी ओदिलाँच्या तोंडावर प्राणवायू लावला. दलाचा प्रमुख लुसियें पहारीने पाळ फोडायला लागला. नळीने वाट केली होती, पण आतल्या आत. बर्फात बादलीएवढी पोकळी, वर दोन दिवसांत वितळून पुन्हा गोठलेलं बर्फाचं जाड छत. बाहेर जायला मार्ग न मिळालेला धूर भिंतीच्या फटीतून परत घरात शिरला होता.

"हे कोणी बुजवलं?" लुसियेंने विचारलं.

"मी."

त्याने मान खाली घातली. "त्यानं सांगितलं असेल."

"फावडं माझ्या हातात होतं."

आत माणसं खिडक्या उघडत होती, ताणलेलं प्लास्टिक फाटल्याचा आवाज बाहेर येत होता. लुसियें तिच्यामागे अ‍ॅम्ब्युलन्सपर्यंत आला. "रोझिल्डा, घर सगळं उघडं पडलंय. तासाभरात पाण्याचे नळ गोठून फुटतील. मुख्य चावी कुठे आहे, सांग."

तिला आठवेना. अठ्ठावीस वर्षं ती चावी दर हिवाळ्यात तिने स्वतः फिरवली होती.

"फुटू देत," ती म्हणाली आणि पुढे ड्रायव्हरशेजारी चढून बसली.

वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. दक्षिणेच्या मोठ्या इस्पितळात रक्तात दाबाने प्राणवायू भरायची सोय होती. रस्त्याने साडेतीन तास. तिच्याही नाकाला मास्क लावला होता. मागून परिचारक दर दहा मिनिटांनी नाडीचे आणि प्राणवायूचे आकडे ओरडून सांगायचा, ड्रायव्हर ते फोनवर पुढे कळवायचा.

"मी त्याच्याशी बोलू?" तिने विचारलं.

"बोला की. ऐकू जात असेल."

ती मागे वळली, मधल्या जाळीला तोंड लावलं. पण ओठांवर एकच वाक्य येत होतं, ‘मी म्हटलं होतं, नळी बुजेल,’ आणि ते त्याला ऐकवायचं नव्हतं.

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी अ‍ॅम्ब्युलन्स बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे अडकली होती. इस्पितळ अजून सव्वा तास दूर होतं. ओदिलाँ आपला आपण श्वास घेत होता. त्याने डोळे उघडले नव्हते.