सापाला तीनशे पाय

शाळा सोडून चुन्यानला दोन वर्षं झाली होती, पण तान गुरुजींच्या वहीतल्या तीनशे इंग्रजी म्हणी तिला तोंडपाठ होत्या. आज सगळी भिस्त त्यांच्यावरच होती.

"हे परदेशी नवरा-बायको उद्या परत आले, तर तराफ्यावर गाईडचं काम तुझं," तराफ्याची मालकीण मो मावशी तांदळाच्या शेवया सुर्रकन ओढत म्हणाली. "नाही आले, तर जा परत बुटांच्या कारखान्यात."

"येतील! बघच तू!"

त्यांच्या गावात बोलण्यात म्हणी पेरेल तो शहाणा, बाकी सगळे अडाणी. त्यामुळे तराफा ली नदीत सुटला तशी चुन्यानने पोतडीच उलटी केली. काल आभाळातून 'कुत्री-मांजरं पडली'. हा डोंगर चढणं म्हणजे 'केकचा तुकडा'. आणि एक म्हातारा सरदार इथेच 'बादलीला लाथ मारून' गेला!

बाई आभाळाकडे बघायला लागली. नवरा वाकून तराफा धुंडाळत होता.

"बादली कुठंय?"

चुन्यानचं टाळकं सरकलं. "इंग्रजी येत नाही का तुम्हाला?"

"थोडं येतं. आम्ही नॉर्वेचे," बाई ओशाळली. "शाळेत शिकलो तेवढंच."

घ्या! गोरा माणूस म्हणजे इंग्रजी घेऊनच जन्मलेला, असं अख्खं गाव धरून चालायचं. चुन्यानने वही आपटली. बुटांच्या डिंकाचा वास आत्ताच नाकात शिरला.

पण बाईने स्वतःचीच वही काढली होती. "ती बादली परत सांग ना. लिहून घेते."

बादलीला लाथ म्हणजे मरण, हे कळल्यावर नवरा इतका हसला की तराफा डुगडुगला.

"तुमच्यात आहेत का अशा म्हणी?" बाईने विचारलं.

"ढीगभर! सापाचं चित्र आधी कोण काढतो, अशी पैज लागली होती. एकाचा आधी झाला. वेळ उरला म्हणून गड्याने सापाला पाय काढले, आणि हरला..." चुन्यान थबकली. मग खुदकन हसली. "मी आज तीनशे काढले."

मग वही राहिली बाजूला. "तो डोंगर दिसतो? तिथं आमचे आजोबा पपनसं चोरताना झाडावरून पडले. मालकानेच घरी आणून सोडलं, वर दोन पपनसं दिली."

धक्क्यावर उतरताना नवरा मो मावशीला म्हणाला, "उद्या आठ वाजता. हीच मुलगी. आणि बादली आणा!"

"बादली कशाला गं?" मावशी गोंधळली.

"उद्या सांगते, मावशी. कामावर आले की."