ईशान्य कोपरा

"अहो, त्या गोणीत काय आहे एवढं?" कलावतीने खालून विचारलं आणि स्टुलावर उभा असलेला महिपत शिगवण दचकला.

"काय नाय. ऑफिसचं भंगार हाय."

गोणी माळ्यावर आणखी आत ढकलताना आतून टण्णकन आवाज झाला. भंगार इतकं गोड वाजत नाही, हे कलावतीला कळलंच असणार. पण नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडलेला पाहून तिने स्टूल तेवढं घट्ट धरलं.

चेहरा पांढरा पडायला कारणही तसंच होतं. महिपत ज्या 'आपुलकी' पतपेढीत शिपाई होता, तिच्या कोपरीतल्या ऑफिसच्या दाराला सहकार खात्याने नोटीस चिकटवली होती. पतपेढीने ठेवी घ्याव्यात, सभासदांना कर्ज द्यावं. जमिनी विकणं हा तिचा धंदा नव्हे, असं बजावून आज दुपारी सुनावणी ठेवली होती. आपुलकीने तर 'सभासदांना हक्काचा प्लॉट' असा फलक लावून कल्याणपलीकडे मुरबाड रस्त्याला एक माळरानच विकायला काढलं होतं. पावतीवर मात्र 'भाग भांडवल' एवढंच. आता संचालक हात वर करून सांगत होते, प्लॉट कसले? आम्ही सभासदांना रविवारी सहलीला न्यायचो.

त्या सहलीची सगळी उस्तवार महिपतकडे. पांढऱ्या फक्कीने चौकोन आखायचा, भटजींना गाडीत बसवायचं आणि भूमिपूजनाचा खड्डा खणायचा. एकदा पूजा केली की माणूस मागे फिरत नाही, हे अध्यक्ष त्र्यंबकशेठ पक्कं ओळखून होते. आपली माणसं सातबारा बघायला विसरतील, मुहूर्त बघायला विसरणार नाहीत. प्रत्येक कुटुंब घरून तांब्या आणायचं, त्यात पाणी, सुपारी आणि चांदीचा इवलासा नाग घालून तो ईशान्य कोपऱ्यात पुरायचं. पहिल्या पूजेला महिपतचेही डोळे भरून आले होते.

पुढच्याच शनिवारी शेठ म्हणाले, "उद्याच्या पार्टीला पण तोच प्लॉट दाखव. बाकी सगळा खडक आहे. आधीचा तांब्या तेवढा काढून ठेव, पहारीला लागला तर बोंब व्हायची."

"आणि आधीची माणसं, शेठ?"

"त्यांना दुसरा देऊ रे. जागा काय पळून चाललीय?"

जागा कुठेच पळाली नाही. माणसं मात्र येत राहिली, आणि महिपत शनिवारी उकरत राहिला, रविवारी पुरायला खड्डा देत राहिला. नोकरी जाईल या भीतीने त्याची जीभ कधी रेटलीच नाही. वर निघालेले तांबे टाकायचे तरी कुठे? देवकार्याची वस्तू भंगारात घालायला हात धजेना. चांदीला तर त्याने बोटही लावलं नाही. प्रत्येक तांब्यावर घरच्याचं नाव घातलेलं. पाणी तो तिथेच ओतायचा, तांब्या फडक्यात गुंडाळून घरी आणायचा. माळ्यावर ठेवलं की डोळ्याआड झालं, असं त्याला वाटलं होतं. पण एका खोलीच्या घरात माळा जाऊन जाऊन जातो कुठे? अंथरुणावर पाठ टेकली की तोच समोर.

तो अजून स्टुलावरच होता, तेवढ्यात फोन वाजला. त्र्यंबकशेठ होते.

"दुपारी तुला विचारतील. मी कधी जमीन बघितलेली नाय, एवढंच बोलायचं. कळलं?"

"हो शेठ."

"आणि ध्यानात ठेव, खड्डे तू खणलेस. माझ्या हाताला माती नाय. घरात काय ठेवलं असशील, तर आत्ताच्या आत्ता खाडीत टाक."

पोलीस येणार, माळ्यावर चांदी सापडणार, आपल्याला अख्ख्या चाळीसमोर चोर म्हणून नेणार. तो स्टुलावरून उतरला तो थेट जमिनीवरच बसला.

"महिपत, आहेस ना रे?" दारातून आवडाबाईचा आवाज आला. समोरच्या खोलीतली, त्याच्याच गावची, मागे कुणी नसलेली बाई. आयुष्यभर लोकांच्या पोळ्या लाटून साठवलेलं सगळं तिने महिपतच्या शब्दावर आपुलकीत घातलं होतं. "दुपारी येशील ना संगती? पुरावा मागतायत म्हणे. कागदावर जमिनीचं नावच नाय. पण तू होतास ना तिथं? तू बोललास की झालं."

"काकी, मी..."

"आणि खणून बघा म्हणावं! यांचं नाव आहे तांब्यावर. गावच्या विहिरीचं पाणी बाटलीतून आणलेलं मी."

महिपतने मान वर केली नाही. वर माळा होता.

"तू हो पुढं," तो कसाबसा म्हणाला. "मी आलोच."

ती गेल्यावर त्याने गोणी उतरवली आणि रिक्षा करून खाडी गाठली. भरती होती. काठावर कुणी नव्हतं. त्याने गोणीत हात घातला, तर हाताला नेमका आवडाबाईचा तांब्या लागला. 'भगवान सो. मांडवकर.' पाण्यात सोडायला तो वाकलाही. पण देवाला पाण्यात सोडतात ते विसर्जन. हे लपवणं होतं. त्याला रडू कोसळलं. मनगटाने डोळे पुसत त्याने तांब्या परत गोणीत ठेवला.

सुनावणीच्या खोलीत सभासद दाटीने बसले होते. आवडाबाईने शेजारच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवून महिपतसाठी जागा राखली होती. ती त्याला हात करत होती. पण तेवढ्यात महिपतच्याच नावाचा पुकारा झाला.

"काका, तुम्ही तिथे प्लॉट आखलेले पाहिलेत का?" सहकार खात्याच्या रसिका मॅडमनी विचारलं. अधिकारी वयाने लहान, पण नजर सरळ. पुढच्या रांगेत त्र्यंबकशेठ खाकरले.

महिपतने गोणीचं तोंड सोडलं आणि एकेक तांब्या टेबलावर मांडायला सुरुवात केली. मॅडम नावं मोठ्याने वाचू लागल्या, आणि प्रत्येक नावाला मागे कुणीतरी उठून उभं राहू लागलं.

"हे कुठे मिळाले?"

"एकाच खड्ड्यात, मॅडम. एकाच प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्यात. शेठच्या सांगण्यावरून. पण काढले मीच."

"पैसे जमिनीसाठी घेतले, हे यावरून दिसतं. संचालकांना ते परत करावे लागतील," मॅडम म्हणाल्या. मग आवाज खाली आणून बोलल्या, "पण काका, गुन्ह्यात तुमचंही नाव येईल."

"हो," महिपत म्हणाला. भीती गेली नव्हती.

आवडाबाई पुढे आली. तिने नवऱ्याचं नाव पदराने पुसलं, तांब्यात डोकावून पाहिलं.

"पाणी?"

"तिथंच ओतलं, काकी. करवंदीच्या मुळात."

"मला निदान सांगायचंस रे."

पुरावा म्हणून तिने तांब्या परत टेबलावर ठेवला आणि ती आपल्या जागी जाऊन बसली.

"बसा काका, तुमचा जबाब घ्यायचाय," मॅडम म्हणाल्या.

महिपतने वळून पाहिलं. खोलीत तेवढी एकच खुर्ची रिकामी होती. आवडाबाईने तिच्यावरची पिशवी उचलली नाही.

"राहू दे मॅडम," तो म्हणाला. "मी उभाच बरा."