उरलेलं मिनिट

"एकशे चव्वेचाळीस दिल्या होत्या," मी म्हणालो. "एकशे एकेचाळीस आल्यात."

डेलफिनाने पेन्सिलींचं खोकं माझ्या भांडाराच्या खिडकीत ठेवलं होतं आणि तीन पेन्सिलींचा जाब द्यायच्या मनःस्थितीत ती नव्हती.

"कानावर ठेवून नेल्या असतील कोणी. लिही, चोरीला गेल्या."

"चोरी लिहिली तर निराळा फॉर्म भरावा लागतो."

"मग लिही, मी खाल्ल्या."

मी 'झिजल्या' असं लिहिलं. माझ्या वहीत पेन्सिली झिजतात, झाडू झिजतात, खुर्च्यासुद्धा झिजतात. माणसांचा रकाना नव्हता, नाहीतर तोही भरला असता.

आता घरी बसून तुले बेंड गावच्या त्या कॉलेजची आठवण निघाली की इमारत डोळ्यांपुढे येत नाही, वास येतो. टोक काढलेल्या पेन्सिलींच्या भुशाचा, आणि ऑगस्टात ट्रकांतून रस्त्यावर सांडून उन्हात शिजणाऱ्या टोमॅटोंचा. या दोन वासांच्या मधोमध डेलफिना ओरोस्को उभी असते. गळ्यात साखळीने लटकवलेला चष्मा, मनगटावर पुरुषी घड्याळ.

आमचं कॉलेज सरकारी, दोन वर्षांचं. कोणीही यावं असं दारावरच लिहिलेलं, आणि ते खोटं नव्हतं. शेतातून या, टोमॅटोच्या कारखान्यातून या, चाळिशी उलटल्यावर या, प्रवेश मिळायचा. फक्त वर्गात बसण्याआधी डेलफिनाच्या खोलीत पाऊण तास बसावं लागे. गणिताच्या शिडीवर तुमचा पाय कुठे, ते त्या पाऊण तासावर ठरायचं. खऱ्या कॉलेजच्या गणिताखाली चार पायऱ्या होत्या. सगळ्यांत खालची बेरीज-भागाकाराची. एक पायरी म्हणजे एक सत्र. म्हणजे खालून निघालेल्याची दोन वर्षं कॉलेज सुरू होण्याआधीच जायची, आणि पदवीच्या खात्यात त्याचं काही जमा व्हायचं नाही. माणसं चढत नसत, गळत. कोण गळायचं हे सांगायला नकोच. आमच्या गावात टोमॅटो कोण तोडतं ते ज्याला ठाऊक आहे, त्याला हेही ठाऊक आहे.

परीक्षा सुरू करण्याआधी डेलफिनाला एक कागद वाचून दाखवावा लागे. एकाच आवाजात, एकाच वेगाने: "ही परीक्षा नाही. हिच्यात कोणी पास होत नाही आणि कोणी नापास होत नाही. तुम्हाला तुमच्या योग्यतेचा वर्ग मिळावा, एवढ्यासाठीच ही आहे." मग घड्याळ. मग पंचेचाळीस मिनिटांनी, "पेन्सिली खाली." तिने कधी कोणाला एक मिनिट जास्त दिलं नाही आणि एक मिनिट कमी केलं नाही. याचा तिला अभिमान होता. मलाही वाटायचं, माणूस असावा तर असा.

परीक्षेला बसलेल्यांच्या सह्या आणि त्यांपुढे मिळालेली पायरी, असे तक्ते असत; नियमाप्रमाणे ते तीन वर्षांनी फाडायचे. ते काम भांडाराचं, म्हणजे माझं. १९८८ साली ती पहिलं खोकं घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवलं.

"बेनी, हे फाडू नकोस."

"का?"

"लोकांची नावं आहेत."

"फोनच्या डिरेक्टरीतपण असतात. ती आपण दर वर्षी फाडतो."

"हे लोक माझ्यासमोर बसले होते," ती म्हणाली. माझ्या वहीत मी 'नष्ट केले' असं लिहिलं आणि खोकं मागच्या फळीवर, घाणेरड्या पडद्यांच्या मागे ठेवलं. त्या डिसेंबरात तिने मक्याच्या पानांत वाफवलेले दोन डझन तमाले आणून दिले. पुढच्या डिसेंबरातही. त्या फळीचं ते भाडं, असं आम्ही धरून चाललो. माझी बायको म्हणायची, "फिलिपिनो माणूस मेक्सिकन बाईचे तमाले खातो आणि माझ्या तळलेल्या लुम्पियाला नावं ठेवतो." मी कधी नावं ठेवली नव्हती. फक्त तमाले आधी संपायचे.

दर मे महिन्यात पदवीदान समारंभात डेलफिना लोकांना जागा दाखवायला उभी राहायची आणि हातातला कार्यक्रम घरी न्यायची. मग एका दुपारी माझ्या भांडारात बसून जुने तक्ते काढायची आणि ज्या नावांना पदवी मिळाली त्यांच्यापुढे लाल खूण करायची. सगळे तक्ते करायला तिला एक दुपार पुरायची. त्यातच काय ते आलं. १९८९ च्या तक्त्यावर एका नावापुढे मात्र खूण नव्हती, आकडा होता. एक. मला वाटलं, चुकून पडला असेल. पण डेलफिनाच्या हातून चुकून काही पडत नसे.

ते नाव होतं अर्नुल्फो सेडिलो. तुम्ही आमच्या कॉलेजात कधी आला असाल तर त्याचे गुलाब पाहिले असतील. १९९१ पासून तो आमचा माळी. डेलफिनाच्या खिडकीखालचा वाफा त्याचा, आणि रोज सकाळी ती कुलूप उघडायला लागली की तो कात्री थांबवून विचारायचा, "मिस, वेळ झाली का?"

"अजून नाही," ती म्हणायची.

झालं. पंचवीस वर्षं हेच. नवीन माणसाला वाटायचं, दोघांचं गोड काहीतरी आहे. जुन्यांना वाटायचं, म्हाताऱ्यांची सवय आहे. मीही जुन्यांतला, निदान वरवर.

मग पा न्या वांग आली. ह्मोंग निर्वासितांची पोरगी, बापाची स्ट्रॉबेरीची शेती, आमच्याच कॉलेजात सगळ्यांत खालच्या पायरीवर सुरुवात केलेली आणि तरीही संख्याशास्त्राची मास्तरीण होऊन परत आलेली. अशी माणसं एक तर झालं गेलं विसरतात, नाहीतर काहीच विसरत नाहीत. ही दुसऱ्या जातीची. तिने पोरं जमवली. माझ्याकडून खोकी नेऊन त्यांचे पुठ्ठे केले, पुठ्ठ्यांवर घोषणा लिहिल्या, आणि विश्वस्त मंडळाच्या प्रत्येक सभेला ती पोरं रांगेने उभी राहू लागली. मागणी एकच: ही परीक्षा बंद करा आणि आल्या माणसाला थेट वरच्या वर्गात बसवा, मदतीचा तास जोडून द्या.

२०१६ च्या ऑक्टोबरात ती माझ्या खिडकीशी आली. डेलफिना तिथेच बसली होती, रुपेरी कागदातला बरिटो सोलत.

"बेनीकाका, आणखी खोकी आहेत?"

"खोकी आहेत. पण तुमच्या पाट्यांवर राग जास्त आणि रंग कमी. लांबून वाचता येत नाही."

"जवळून वाचून तरी काय उपयोग झाला? अध्यक्ष म्हणतात, पोरांच्या कहाण्या हा पुरावा नव्हे. आकडे आणा. आकडे मागायला गेले तर कार्यालय म्हणतं, जुने तक्ते नाहीत, तुमच्या भांडाराच्या वहीत नष्ट केल्याची नोंद आहे."

"वहीत आहे खरी," मी म्हणालो.

डेलफिनाने घास गिळला नाही, थुंकलाही नाही. तसाच तोंडात धरून बसली.

"येत्या मंगळवारी मतदान आहे," पा न्या म्हणाली. "या वेळी ठराव पडला तर पुन्हा पाच वर्षं कोणी विषय काढणार नाही." आणि दोन खोकी बगलेत मारून निघून गेली.

तोंडातला घास एकदाचा खाली गेला. मग डेलफिना म्हणाली, "कबूल केलं तर काय करतील?"

"तुला घरी पाठवतील. वर्षभराने तू जाणारच आहेस, पण हार घालून जाणं वेगळं. मलाही पाठवतील. खोटी नोंद माझ्या हातची आहे."

"तुझं काय म्हणणं?"

"घरी टीव्ही मोठा आहे."

ती हसली नाही. "घरी जायला मी घाबरत नाही, बेनी. तक्ते पुढे केले की ते वाक्यपण पुढे करावं लागेल. एकतीस वर्षं वाचलंय मी ते. पोरं माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मी सांगायची, कोणी नापास होत नाही."

"तू लिहिलं नव्हतंस."

"वाचलं मी होतं."

मग तिने मला त्या आकड्याचं सांगितलं. १९८९ चा ऑगस्ट. कारखान्यातली पाळी संपवून एक माणूस अकरा मिनिटं उशिरा आला, बूट ओले, हाताला टोमॅटोचा वास. पंप-दुरुस्तीचा कोर्स करायचा होता त्याला. चार गणितं उरली असताना पंचेचाळीस मिनिटं झाली. तो म्हणाला, मिस, एक मिनिट. ती म्हणाली, सगळ्यांना वेळ सारखाच. आणि कागद ओढून घेतला. त्याला पुढच्या पायरीला दोन गुण कमी पडले. खालच्या वर्गात तो दोनदा बसला, दोन्ही वेळा पाळी बदलली, सुटलं. दोन वर्षांनी हातात कात्री घेऊन तिच्या खिडकीखाली उभा राहिला.

"तो रोज विचारतो ते..." मी म्हणालो.

"मग तुला काय वाटलं, आम्ही प्रेमात आहोत?"

मला तसंच वाटलं होतं.

मंगळवारी साडेपाचला सभा. आमच्याकडे रीत अशी, की ज्याला बोलायचं त्याने चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं. नाव पुकारलं की माइकपाशी जायचं. तीन मिनिटं मिळतात. माइकसमोर एक छोटी डबी असते. हिरवा दिवा लागला की बोला, पिवळा लागला की आवरा, लाल लागला की बसा. ज्याला बोलायचं नसेल त्याला आपली तीन मिनिटं दुसऱ्याला देता येतात.

डेलफिना उठली तेव्हा पुठ्ठेवाली पोरं तिच्याकडे जरा संशयानेच बघत होती. त्यांच्या लेखी परीक्षा म्हणजे तीच. मी हातगाडीवरून खोकी आत आणली. अध्यक्ष कागदातून मान वर काढून म्हणाले, "हे काय आहे?"

"नष्ट केलेले तक्ते," मी म्हणालो.

हिरवा दिवा लागला. तिने चष्मा चढवला आणि ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, त्याच आवाजात, त्याच वेगाने. मागच्या रांगेतल्या तिशी-पस्तिशीतल्या माणसांनीसुद्धा नकळत पाठी ताठ केल्या. मग ती म्हणाली, "हे मी एकतीस वर्षं वाचलं. हे खरं नव्हतं. आणि खरं नाही हे मला चौथ्या वर्षापासून माहीत होतं."

त्यानंतर तिने आकडे सुरू केले. एक एक वर्ष घेऊन, किती आले, किती खालच्या पायरीवर गेले, किती खुणा. घाई नाही. पा न्या पहिल्या रांगेतून हाताने खुणा करत होती, बेरीज सांगा, थेट बेरीज सांगा. पण परीक्षा-खोलीतल्या बाईला मधल्या ओळी गाळता येत नाहीत. "एकोणीसशे एकोणनव्वद," ती म्हणाली, आणि लाल दिवा लागला.

दुसरं कोणी असतं तर बोलत राहिलं असतं. त्या दिव्याला आमच्या गावात कोण विचारतो? आधीच्या पोराने तर दिव्यावर पाटी टेकवली होती. पण डेलफिनाने वाक्य अर्ध्यावर सोडलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, म्हणाली, "वेळ झाली," आणि कागद गोळा करू लागली. पा न्याने कपाळाला हात लावला.

अध्यक्षांनी पुढची चिठ्ठी उचलली. "अर्नुल्फो सेडिलो."

तो अगदी मागे भिंतीशी उभा होता, कामाच्या शर्टात, टोपी हातात. "माझी तीन मिनिटं मिसना."

"तुम्हाला स्वतःला काही म्हणायचं नाही?"

"माझं रोजच म्हणून होतं."

पुन्हा हिरवा दिवा लागला. डेलफिनाने मागे वळून पाहिलं नाही. कागद पुन्हा लावले आणि जिथे थांबली होती तिथूनच वाचलं. "एकोणीसशे एकोणनव्वद, ऑगस्ट. सहावी ओळ. अर्नुल्फो सेडिलो. अकरा मिनिटं उशीर. एक मिनिट मागितलं. दिलं नाही." मग पान उलटलं. सहावी ओळ तिने वाचली तशीच सातवीही वाचली असती, पण पा न्याकडे नजर गेली आणि ती शेवटच्या पानावर आली. "एकतीस वर्षांत खालच्या पायरीवर पाठवलेले, सात हजार आठशे तेरा. खुणा, चारशे सहा. तक्ते इथे आहेत. कोणाला मोजायचे असतील तर पेन्सिली बेनीकडे आहेत."

आणि जाऊन बसली.

मतदान त्या दिवशी झालंच नाही. तक्ते तपासायला समिती नेमली, समितीने आठ महिने घेतले, बेरजेत दोन नावांचा फरक काढला, आणि पुढच्या शरद सत्रात परीक्षा गेली. डेलफिनाला पत्र आलं, मलाही आलं. हार मात्र दोघांनाही मिळाला नाही. पा न्या अजून तिथेच आहे. वर्गात कोणाची पेन्सिल वेळेवर खाली होत नाही, अशी तिची तक्रार असते. हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी डेलफिना बसली तेव्हा दिवा अजून हिरवाच होता. माइकपाशी कोणी नव्हतं. अध्यक्षांनी डबी बंद करायला हात पुढे केला.

"असू द्या," भिंतीपासून अर्नुल्फो म्हणाला. "ते मिनिट माझं आहे."

अध्यक्षांनी हात मागे घेतला. पोरांनी पुठ्ठे खाली केले. बाहेर एक ट्रक गेला, त्याचा आवाजही शेवटपर्यंत ऐकू आला. डेलफिना ताठ बसली होती, डोळे मनगटावर, जशी तिच्या खोलीत बसायची तशी. दिवा पिवळा झाला, कोणी हललं नाही. मग लाल झाला.

या वेळी ती 'वेळ झाली' म्हणाली नाही. अर्नुल्फोनेच टोपी डोक्यावर चढवली.