सेवेची वर्षे

"सर, तुमचा पेपर एकदम क्लीन आहे. शंभरपैकी शंभर," ऋषी म्हणाला, आणि जयप्रकाश पेडणेकरांनी सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकवली.

महाप्याच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत इंटरव्ह्यूला बावीसजण आले होते. एकवीसजण पंचविशीच्या आतबाहेरचे, बाविसावे पेडणेकर, वय सत्तेचाळीस. रिसेप्शनवरच्या मुलीने "काका, मुलाला सोडायला आलात का?" असं गोड विचारलं होतं. "नाही, स्वतःलाच घेऊन आलोय," असं सांगून ते कोपऱ्यात बसले होते.

रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात एकवीस वर्षं ते कॉम्प्युटरवर कामगारांच्या हजेऱ्या आणि पगारपत्रकं काढत होते. गेल्या दिवाळीआधी कारखान्याला कुलूप लागलं. तेव्हापासून सानपाड्याच्या सोसायटीतले लोक त्यांना टाकी भरली का बघायला सांगत, "तुम्ही घरीच असता ना!" म्हणून. बायको, जयमाला, आधी प्रत्येक इंटरव्ह्यूनंतर "काय झालं?" विचारायची. हल्ली विचारत नव्हती, गपचूप पान वाढायची. ते त्यांना जास्त लागायचं.

पण आता दिवस फिरले होते. जुन्या प्रोग्रामांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले, त्यामुळे दोन हजार साल उजाडताच यंत्रं त्याला एकोणीसशे समजणार, अशी जगभर बोंब उठली होती. ते प्रोग्राम होते कोबॉल या जुन्या कॉम्प्युटर-भाषेत, आणि कोबॉल येणारी माणसं शोधावी लागत होती. पेडणेकरांना ते झोपेतही येत होतं.

"वयाची अट पंचेचाळीस आहे," कंपनीच्या ऋता मॅडमनी सकाळीच स्पष्ट सांगितलं होतं. "पेपर बिनचूक असेल तर साहेबांकडून रिलॅक्सेशन मी आणते. पण एक जरी चूक निघाली ना, तर मला तिथे तोंड उघडता येणार नाही."

पेपरात एकच प्रोग्राम होता : कर्मचाऱ्याची रुजू झाल्यापासून निवृत्तीपर्यंतची सेवेची वर्षं काढा. ऋषीने ओळीओळीला टिकमार्क केले होते. तो असेल सव्वीसचा, कोबॉल तीन महिन्यांपूर्वी शिकलेला.

"आता फक्त फॉर्मॅलिटी, सर. मला एकदा एक्सप्लेन करा."

"करतो ना, सर." दोघेही एकमेकांना सर म्हणत होते, त्यामुळे खोलीत साहेब कोण हे बाहेरच्याला कळलं नसतं.

पेडणेकरांनी कोरा कागद ओढून तक्ता आखला. कारखान्यात मशीन दिवसातून एकदाच वाट्याला यायचं, म्हणून प्रोग्राम आधी कागदावर चालवून बघायची पद्धत होती. एखादी खरी तारीख घ्यायची आणि एकेका ओळीपुढे उत्तर मांडत जायचं. त्यांनी स्वतःचीच घेतली. रुजू ७६. निवृत्ती, कारखाना चालता तर, ०९. नवातून शहात्तर गेले. उणे सदुसष्ट. प्रोग्रामात उण्याच्या खुणेला जागाच ठेवली नव्हती, म्हणून ती गळाली. सेवेची वर्षं, सदुसष्ट.

अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या माणसाची नोकरी सदुसष्ट वर्षं!

वर्ष त्यांनी दोनच आकड्यांत लिहिलं होतं. जागा वाचवायची हाताची सवय. जो रोग बरा करायला ते आले होते, तोच घेऊन आले होते.

ऋषी आपल्याच टिकमार्कांकडे कौतुकाने बघत होता. पलीकडच्या टेबलावर ऋता मॅडमनी फोन उचलला होता. "साहेब आहेत का केबिनमध्ये?"

पेडणेकरांना हरिश्चंद्र व्हायचं नव्हतं. नोकरी लागल्याचं जयमालाला कसं सांगायचं तेही त्यांनी मघाशी मनात ठरवलं होतं. पण चुकलेला कागद बरोबर म्हणून पुढे सरकवणं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि ते कसं करतात हेच त्यांना माहीत नव्हतं.

"मॅडम, एक मिनिट," ते म्हणाले. "प्रोग्राम चुकलाय माझा."

त्यांनी तक्ता फिरवून दाखवला. ऋषीचे कान लाल झाले.

"आयला... हे मला दिसलंच नाही!"

ऋता मॅडमनी फोन खाली ठेवला. "पेडणेकर, तुम्ही बोलला नसतात तर..." मग त्यांनी वाक्य बदललं. "सॉरी हं. आता मी काही करू शकत नाही."

"बरोबर आहे तुमचं," पेडणेकर म्हणाले. आवाज नीट आला, याचं त्यांना बरं वाटलं.

ते उठणार तेवढ्यात ऋषीने विचारलं, "सर, ही तक्त्याची मेथड दाखवाल मला? क्लासमध्ये शिकवलीच नाही कोणी."

पेडणेकर पुन्हा बसले. वीस मिनिटं त्यांनी शिकवलं. वर्ष कुठे दडून बसतं, तारखा कुठल्या घ्यायच्या, उण्याची खूण कशी गळते. ऋषी भराभर लिहून घेत होता. मध्येच ऋता मॅडमनी चहा मागवला. त्या वीस मिनिटांत पेडणेकर नोकरीवर असल्यासारखे बोलले, आणि आपल्याला नोकरी नाही हे खरोखरच विसरले.

चहा संपला. ते दारापर्यंत पोचले असतील, तोच मागून हाक आली.

"सर!"

ते झटकन वळले. वेडी आशा, दुसरं काय!

"हा तक्ता ठेवून घेऊ का? नवीन बॅच येतेय, ट्रेनिंगला झेरॉक्स काढून वाटीन म्हणतो."

"ठेवा की," पेडणेकर म्हणाले. खिशातलं पेन काढत त्यांनी विचारलं, "खाली नाव लिहून देऊ?"

"नको सर," ऋषी म्हणाला. "नावाची काही गरज नाही."

पेडणेकरांनी पेनाचं टोपण लावलं. बाहेर पुढची मुलगी फाइल छातीशी धरून उभी होती. ती आत जाईपर्यंत त्यांनी तिच्यासाठी दार धरून ठेवलं.