वाट्याचा कापूस

“झाड पदर,” पार्बताबाई म्हणाली.

समोरच्या, कोणाच्याशा कोवळ्या सुनेनं पदर झाडला, कापूस वेचायची ओटी उलटी करून दाखवली. पऱ्हाटीची दोन वाळकी पानं खाली पडली. पार्बताबाईनं तिच्या कमरेला खोचलेल्या लुगड्याच्या ओच्यावरून हात फिरवला, मान हलवली आणि तिला धुऱ्याबाहेर, शेताच्या बांधापलीकडं सोडलं. मागं बायांची रांग उभी होती. दिवस कलायला आला होता. बडनेऱ्याच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या अमरावतीकडे लागल्या होत्या आणि त्यांची धूळ वावरापर्यंत येत होती.

खुशालराव पाटलांच्या शेतातून वेचणीची कुठलीही बाई पार्बताबाईच्या हाताखालून गेल्याशिवाय घरी जात नसे. वेचणीची मजुरी कापसातच मिळे. पाटलांचा माणूस नत्थुजी काट्यावर प्रत्येकीचं ओझं तोलायचा आणि त्यातला तिचा वाटा काढून द्यायचा. बाकीचा सगळा पाटलांचा. पार्बताबाईच्या घरी स्वतःची थोडी जमीन होती, ती नवरा आणि मुलगा पाहत. ती मात्र लग्न होऊन आली तेव्हापासून पाटलांच्या वेचणीला यायची, आणि इतक्या वर्षांत वाट्याखेरीज एक बोंड तिच्याकडे जास्त सापडलं नव्हतं. झडती घ्यायचा मान तिला असा मिळाला होता.

त्या साली तर कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. दूर कुठल्याशा मुलखात गोऱ्या लोकांची आपापसात लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या माणसांनी शहाणपण खुंटीला टांगून ठेवलं होतं. अकोल्याच्या कोणा एकानं म्हणे बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. चांदी मढवून बैल काही जास्त ओढत नाहीत, पण हे त्या दिवसांत सांगायचं कोणाला! मूठभर कापसासाठी सख्ख्या जावा एकमेकींवर डोळा ठेवू लागल्या. अशा काळात ‘पार्बताबाईनं पाह्यलं’ एवढं कानावर आलं की पाटील पुढं काही विचारत नसत. या गोष्टीचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

लपवत होती ती दुसरीच गोष्ट.

गेली दोन वर्षं तिचं अंग तिच्या ऐकण्यात राहिलं नव्हतं. महिन्याचं बाजूला बसणं आधी मागंपुढं झालं, मग बंदच झालं. भर थंडीत अंगातून वाफा निघत. कोणी जरा बोललं की डोळ्यांत पाणी यायचं, आणि पाणी आलं म्हणून तिचा तिलाच राग यायचा. हे सगळं तिनं सोसलं असतं. पण केस जाऊ लागले ते तिला सोसवेना. ती नवरी होऊन आली तेव्हा सासू चारचौघींत म्हणाली होती, हिची वेणी घालायला दोघी बसवाव्या लागतील. तिचा तो बुचडा साऱ्या गावाला ठाऊक होता. आता फणी फिरवली की फणीच काळी होई. भांग रुंदावत रुंदावत पायवाटेएवढा झाला होता.

तिनं तेलात माका उकळला, जास्वंद वाटून लावली, कांद्याचा रस चोळला. नवरा चुलीकडे पाहत म्हणाला, “घरात कांदा कोन चिरून राहिलं एवढा?” त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही. अमरावतीच्या बाजारात गंगावन मिळायचं, केसांत बांधायचं. पण ते घरी आलं की सुनेला दिसणार, आणि सुनेला दिसलं की विहिरीवर कळायला कितीसा वेळ!

मग तिनं आपली युक्ती काढली. आपल्या वाट्याच्या कापसातली सरकी बोटांनी काढून टाकली, कापसाचा एक घट्ट गोळा केला, फणीत निघालेलं गुंतवळ त्यावर गुंडाळलं आणि तो गोळा आत घालून बुचडा बांधला. बुचडा पहिल्यासारखा भरला. तिला हसूच आलं. लोक कापूस कुलपात ठेवत होते आणि ही तो डोक्यात घालून हिंडत होती. चोरी कधी तिच्या मनाला शिवली नव्हती, त्यामुळं हे चोरीसारखं दिसेल हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

“थांबा व बायायहो!”

पाटलांची बायको माणिकबाई धुऱ्यावरून लगबगीनं येत होती. एरवी ती वावरात फारशी येत नसे.

“मूर्तिजापूरकडे माह्या भावाच्या वावरात बाया बुचड्यातून कापूस घेऊन गेल्या. पदर पाहाले लावते माणूस, डोकं कोन पाह्यते! आजपासून बुचडे बी पाहाचे. सगळ्यायचे. पार्बताबाई, आंधी तुमचा.”

“माहा काहून?” पार्बताबाईच्या तोंडून निघून गेलं.

“तुमच्यावर भरवसा नाई म्हणून नाई. भरवसा हाये, तो सगळ्यायले दिसू द्या. मंग कोनी बोट दाखवनार नाई.”

माणिकबाईनं रांगेवर नजर फिरवली आणि ती तानुबाईवर थांबली.

“तानू, तू पाह्य. तू काई इले पाठीशी घालनार नाईस.”

बायांमध्ये कुजबुज झाली. गेल्या वेचणीत याच जागी पार्बताबाईनं तानुबाईच्या ओच्यातून मूठभर कापूस काढला होता, नत्थुजीसमोर, गाडीवानांसमोर. तानुबाईनं तोंडातून शब्द काढला नव्हता. तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. तेव्हापासून गावात तिला कोणी नावानं हाक मारेना, ‘कापूसवाली’ म्हणू लागले. यंदा आगगाडीच्या सडकेच्या कामावर माणसं गेली, वेचायला हात पुरेनात, म्हणून तिला परत बोलावलं होतं. पार्बताबाईपेक्षा ती चार-दोन वर्षांनी लहान, अंगानं वाळलेली, बोलायला कमी.

तानुबाईनं लुगड्याला हात पुसले आणि ती पार्बताबाईच्या मागं येऊन उभी राहिली. पदर मागं सरकला. पार्बताबाईच्या मानेवरून एक ऊन लाट वर चढली. ही नेहमीची की भीतीची, तिला कळेना. बोलून टाकावं, आत्ताच. पण काटा धरून नत्थुजी उभा होता, दोन गाडीवान तंबाखू मळत पाहत होते. यांच्यासमोर काय म्हणायचं? माझे केस गेले म्हणून?

बोटं बुचड्यात शिरली, गोळ्याला लागली आणि थांबली. एकदा दाबून पाहिलं. पार्बताबाईनं डोळे मिटले. आता ही ओढून काढणार, हात वर करून सगळ्यांना दाखवणार, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

तानुबाईनं गोळा आत सारला. बुचडा घट्ट केला, पदर वर ओढला.

“काई नाई,” ती म्हणाली. “केस हायेत.”

आणि पदर सारखा करता करता कानाशी वाकून हळूच म्हणाली, “फिटलं आपलं, बाई.”

पार्बताबाईनं रांगेतल्या बाकीच्या बायांचे बुचडे पाहिले. काय पाहिलं ते तिलाच ठाऊक नाही. ती वाचली होती, आणि वाचल्याचं तिला जराही सुख नव्हतं. तानुबाईच्या लेखी आता ती चोर होती. जन्मभर सांभाळलेलं नाव एका बाईच्या मनातून पार पुसलं गेलं होतं. आत्ता खरं सांगावं तर माणिकबाईसमोर तानुबाई खोटी पडणार, आणि ‘कापूसवाली’ खोटं बोलली म्हटल्यावर तिला उद्या कोण कामावर ठेवणार? तोंड मिटून राहण्यावाचून इलाज नव्हता.

बाया पुढं निघाल्या. नाल्यापाशी येताच पार्बताबाईनं हाक मारली.

“तानू, थांब जराशी.”

तानुबाई थांबली. दोघीच उरल्या. पार्बताबाईनं पदर खाली घेतला, बुचडा सोडला आणि गोळा तिच्या हातावर ठेवला.

“पाह्य. सरकी हाये का त्यात? वरून गुंतवळ हाये. माह्या वाट्याचा कापूस हाये तो, घरून आनलेला. आता इकडं पाह्य.” तिनं मान वाकवून डोकं दाखवलं.

तानुबाईनं पाहिलं. ती हसली नाही, चुकचुकलीही नाही.

“मले वाटलं…”

“तुले काय वाटलं ते मले मालूम हाये. तेच तं सहन झालं नाई.”

तानुबाई तिथल्याच दगडावर टेकली. गोळा हातात फिरवत राहिली.

“मंग मी बी सांगतो,” शेवटी ती म्हणाली. “त्या दिवशी मले लागलं होतं. थांबतच नव्हतं व बाई. महिना झाला, दीड झाला. रोजच लागे तं बाजूले बसू तरी किती? पोटाले काय खाऊ? म्हणून कोनाले न सांगता कामाले आली. वावरात पाय भरून चालले. चिंधी होती ते पुरली नाई. जवळ होतं काय? कापूसच. तुमी काढला तो उरलेला होता.”

“मंग बोलली काहून नाईस तवा?”

“कोनाले बोलू? तिथं मानसं उभी. आन् बोलली असती तं विटाळाची वावरात शिरली म्हणून पाटलीनबाईनं गावात राहू देलं असतं का? चोर म्हणू देलं. चोराले निदान पुढच्या साली परत बोलावते.”

त्या दिवशी घरी जाऊन आपली नजर किती तीक्ष्ण आहे हे पार्बताबाईनं सुनेला दोनदा सांगितलं होतं. ते आठवून तिला आता मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं तानुबाईच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो कसा ठेवावा हे न कळून परत घेतला.

“आता?”

“आता बंद झालं. बरी हावो.” तानुबाईनं गोळा परत दिला. “या वयात बाईच्या अंगाले कापूस लागतेच, बाई. कोनाले वर, कोनाले खाली.”

पार्बताबाईला आधी धक्का बसला आणि मग हसू फुटलं. तानुबाईही हसली. दोघी डोळे पुसत पुसत हसल्या. पण घराकडे वळताना पार्बताबाईचं हसू पार मावळलं होतं. तिनं आपलं खरं एका बाईला सांगितलं आणि तिचं काम भागलं. तानुबाईनं कोणाकोणाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी वेचणी संपली तेव्हा माणिकबाई धुऱ्यावर हजर होती. पार्बताबाई आपल्या जागेवर गेली नाही. रांगेत सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली.

“तिकडं काहून?” माणिकबाईनं विचारलं.

“आजपासून झडती तानू घेईन.”

नत्थुजीनं काट्यावरून मान वर केली. “कापूसवालीच्या हाती कापूस?”

“तिनं चोरी केली नव्हती. म्या बरोबर पाह्यलं नाई. चूक माही होती.”

“वा! मंग ओच्यात कापूस का वाऱ्यानं उडून आला?”

तानुबाईनं मान खाली घातली. आता ही आपलं नाल्यावरचं बोलणं सगळ्यांपुढं मांडते की काय, ही भीती तिच्या बोटांत दिसत होती. पदराचं टोक तिनं पिळून काढलं होतं. पार्बताबाईनं ते पाहिलं. मग तिनं स्वतःचा पदर खांद्यावर घेतला आणि भर उजेडात, बायांसमोर, गाडीवानांसमोर बुचडा सोडला.

केस सुटले. सुटायला होतेच किती! एक विरळ बट खांद्यावर येऊन पडली, आणि कापसाचा गोळा तिनं तळहातावर धरला.

“हा पाह्य, नत्थुजी. माह्या वाट्याचा हाये, पन डोक्यात घालून फिरतो मी, केस रायले नाईत म्हणून. काल हा तानूच्या हाताले लागला. तिनं मले चोर केलं नाई, माहा पदर वर केला. म्या तिच्यासाठी तेवढं बी केलं नव्हतं. मले जसा लागला, तसा तिले लागला. बाईच्या अंगाचं हाये ते. आनखी इचाराचं असन तं इचार, मी सांगतो. तिले नको इचारू.”

गाडीवान बैलांकडे वळले. नत्थुजी काट्याच्या दोऱ्या सरळ करू लागला. त्या सरळच होत्या. रांगेतल्या वयस्क बायांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि त्यांच्यापैकी दोघींनी डोक्यावरचा पदर जरा घट्ट केला.

माणिकबाईनं त्या गोळ्याकडे पाहिलं.

“तानू,” ती म्हणाली, “राह्य तिथं उभी.”

तानुबाई धुऱ्यावर जाऊन उभी राहिली. पार्बताबाई तशाच मोकळ्या केसांनी तिच्यापुढं गेली, ओटी झाडली, हात बाजूला धरून वळली. तानुबाईनं तिला पाहिलं, जसं पाहायला हवं तसं नीट पाहिलं, आणि जाऊ दिलं. बाहेर येऊन पार्बताबाईनं उरलेल्या केसांची गाठ मारली. पदर डोक्यावर चपटाच बसला. मागून तिला ओळखीचा आवाज ऐकू आला. सालभर जी सगळ्यांत आधी ‘कापूसवाली’ म्हणून ओरडायची, ती मैना पुढं झाली होती.

“पाह्यता का,” मैना म्हणाली, “तानुबाई?”