न पुसलेली आत्या

दादाचा स्टुडिओ म्हणजे चेहरे धुण्याचा कारखाना होता. गिऱ्हाईक कसंही येवो, कंप्युटरमधून गुळगुळीत होऊनच बाहेर पडायचं. त्याने सख्ख्या आत्यालाही सोडलं नव्हतं. तिच्या गालावर आणि हनुवटीवर कोडाचे पांढरे डाग होते. दादा ते दर फोटोत मायेने पुसायचा आणि आत्या तो फोटो कपाटात कोंबायची. जन्मभर बस चालवलेली बाई ती, गाडीच्या आरशात स्वतःचा चेहरा रोज पाहिलेली.

"भिंतीवर माझा एक तरी फोटो लागू दे," ती बारकीला म्हणाली. "पण माझा. दादाच्या त्या गुळगुळीत बाईचा नको."

बारकी ही दादाची धाकटी बहीण. त्याच्याच स्टुडिओत डिजिटलवर फोटो काढायची. तिने कुठून तरी जुना, दोन भिंगांचा कॅमेरा पैदा केला. त्यात रुंद फिल्मचा रोल बसायचा, आणि एका रोलमध्ये फोटो बाराच. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा.

"हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण," दादा म्हणाला. "निदान डिजिटलवर एक काढून ठेव."

"नाही ठेवणार." ठेवला असता तर तो दादाने पुसलाच असता.

खिडकीशी खुर्ची मांडली. बारकी मान खाली घालून कॅमेऱ्याच्या काचेत बघायची आणि दर फोटोनंतर डिजिटलच्या सवयीने, मागे पडदा असल्यासारखा, कॅमेरा उलटा करायची.

"मागे काय शोधतेस गं?" आत्याने विचारलं. "मी इकडे पुढे बसलेय."

फिल्म धुतली, तर ती काचेसारखी कोरी. खालच्या भिंगाचं झाकण काढायचंच राहिलं होतं. डिजिटलवर पडदा काळा दिसला असता, पण इथे वरच्या भिंगातून आत्या खुशाल दिसत राहिली.

"आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" दादा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

बारकीचे कान तापले. लाज वाटली, पण त्याहून जास्त राग आला. तिने झाकण कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि आत्याला पुन्हा बसवलं. तेवढ्यात दादा स्वतःचा डिजिटल कॅमेरा घेऊन दारात हजर.

"दादा, बाहेर जा."

"स्टुडिओ माझा आहे."

"चेहरा माझा आहे," आत्या म्हणाली. दादा बाहेर गेला.

या वेळी बारकीने कॅमेऱ्याची पाठ एकदाही बघितली नाही. आत्या स्टिअरिंगवर बसल्यासारखी ताठ बसली होती.

घरच्या न्हाणीघरात अंधार करून बारकीने फोटो छापला. एकेका डागाची कड स्वच्छ उमटली होती. बसच्या दारात लटकणाऱ्याला खाली उतरवणारे आत्याचे डोळे जसेच्या तसे होते. दादाने फोटो उजेडाकडे धरला.

"झकास आलाय," त्याला म्हणावंच लागलं. "निगेटिव्ह दे. स्कॅन करून डाग तेवढे साफ करतो."

आत्याने हात पुढे केला. बारकीने निगेटिव्ह दादाला न देता तिच्या हातावर ठेवली. आत्याने ती पर्समध्ये घालून चेन ओढली.

"मूळ आता माझ्याकडे," ती दादाला म्हणाली. "खिळा ठोकायला येतोस का, तेवढं सांग."